स्टिल लाइफ पूर्ण व्हायच्या आत हळदीच्या कापडाचा रंगच उडाला, आता चित्रात कुठला पिवळा लावू?

टरफलवाली

नमस्कार मंडळी, मी इंदूरला बीएफए पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्हाला स्टिल लाइफचं, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राचं, सबमिशन आहे, ऑइलमध्ये, दोन बाय अडीच फूट, आणि ड्रेपरी, म्हणजे घड्या पाडलेलं कापड, हवीच. वर्गात एक मरून मखमलीचं कापड आहे, दर बॅच तेच रंगवते, त्याचा मला इतका वैताग आलाय की म्हटलं आपलं कापड आपणच रंगवू, तेही नैसर्गिक रंगात. घरी कोरं मांजरपाट पडलं होतं, आईने अभ्र्यांसाठी आणलेलं, त्याचे तीन तुकडे केले. एक हळदीत, एक डाळिंबाच्या सालींत, एक टेसूत. टेसू म्हणजे पळसाची फुलं, रंगपंचमीच्या आधी खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे झाडं नुसती पेटलेली असतात, मावसभावाच्या स्कूटरवर जाऊन पिशवीभर पडलेली फुलं वेचून आणली. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी अख्खं गाव राजवाड्याला गुलालात न्हात होतं आणि मी घरात गॅससमोर.

पद्धत व्हिडिओ बघून. पाणी उकळा, माल टाका, कापड टाका, शेवटी चमचाभर तुरटी. हळदीचा पिवळा असा आला की आजी म्हणाली हे नवरीला नेसवा. टेसूचा केशरीकडे झुकणारा, तोही छान, पण मी हौसेने साबणाच्या पाण्यात खळबळून काढला तर आधी लालसर झाला आणि मग वाळल्यावर निम्मा गायब. डाळिंबाचं मात्र सगळंच बिघडलं, मोठं पातेलं दुसऱ्या कामात होतं म्हणून आजीच्या लोखंडी कढईत उकळलं, आणि पिवळा यायच्या जागी शेवाळी काळपट असं काहीतरी आलं, आईला वाटलं मी कढईचा गंज काढतेय. कढईचं प्रकरण घरात अजून मिटलेलं नाही.

असो, मुख्य रडगाणं पुढे आहे. सेटअप लावला खिडकीजवळ, खिडकी पश्चिमेची. पितळी तांब्या, खलबत्ता, दोन डाळिंबं, आणि मागे हळदीचं कापड, घड्या पाडून टाचण्या लावून. रोज दुपारी दोन ते पाच. तीन दिवस ड्रॉइंग आणि अंडरपेंटिंगमध्ये गेले, चौथ्या दिवशी पिवळा लावला आणि त्या दिवशी मी स्वतःवर भलती खूश होते. नवव्या दिवशी कोणीतरी झाडताना टेबल सरकवलं, टाचणी निघाली, कापड खाली आलं. उचलून बघते तर पट्टे! घडीचा जो उंचवटा उन्हाकडे होता तो जवळपास सायीच्या रंगाचा, आणि घडीच्या पोटात अजून गर्द पिवळा. म्हणजे गेले चार-पाच दिवस मी जे हायलाइट समजून फिकट फिकट करत चालले होते ते उजेडाचं नव्हतंच, तिथला रंगच उडाला होता. मी उन्हाने केलेला डाग रंगवत बसले होते.

सरांना विचारलं तर म्हणाले दिसतं ते रंगव. अहो पण कुठल्या दिवशी दिसलं ते? मैत्रीण म्हणते सोड, फॅब्रिक कलर मार आणि मोकळी हो.

तर विचारायचंय हे की माझं चुकलं कुठे, तुरटी कमी पडली का? टिकणारा रंग कुठला? आणि अर्धं झालेलं चित्र ठेवू की खरवडू? सबमिशनला चार आठवडे आहेत.

---

सेव_परमल

हळदीचा हात शर्टाला लागला तर शर्ट जन्माचा वाया जातो आणि तुझ्या कापडावर तीच हळद नऊ दिवस टिकत नाही, हा काय न्याय आहे भिया.

बाकी माझी आई वरणाचा डाग पडला की साबण लावून तसंच ओलं कापड गच्चीवर उन्हात टाकायची, संध्याकाळी डाग गेलेला असायचा. ते डोक्यात आलं म्हणून लिहिलं, चित्रकलेतलं मला काही कळत नाही.

---

रंगखातं

मुली, आधी वरच्या गृहस्थांच्या आईला नमस्कार कर, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या माउलीने गच्चीवर वाळत घातलंय.

मी इंदूरच्या एका मिलच्या रंगखात्यात बरीच वर्षं काढली, मिल बंद पडली आणि आम्ही घरी बसलो. आमचं काम रासायनिक रंगांचं, पण धागा तोच आणि पाणी तेच, त्यामुळे चार गोष्टी सांगतो. हळदीतला जो पिवळा आहे, करक्युमिन, तो कापडाला तुरटीशिवायही चटकन धरतो म्हणून सगळ्यांना सोपा वाटतो, पण उजेड लागला की तो मोडतो. धुण्याने जातो त्यापेक्षा उन्हाने जास्त जातो. तुरटी किलोभर घातली असती तरी वाचला नसता. साबणाने लाल होतो तो भाग वेगळा, ते क्षारामुळे, लिंबू पिळलं की परत पिवळा. टेसूही क्षारात असाच लालीकडे जातो, म्हणून तर होळीचा रंग करणारे त्यात चुना टाकायचे. टेसू होळीसाठी चांगला, एक दिवस खेळा आणि धुवून टाका. तुझ्या परीक्षेला तो नको.

आता तुरटीचं. तू ती शेवटी टाकलीस आणि चमचाभर टाकलीस, दोन्ही चूक. चमचा हे माप स्वयंपाकघरात चालतं. रंगाच्या कामात कोरड्या कापडाचं वजन हे माप, सगळं त्याच्या टक्क्यांत. समजा तुझं कापड २०० ग्रॅम आहे. मांजरपाट कोरं असतं, त्यात खळ असते, कापसाचं मूळचं मेण असतं, पाण्याचा थेंब टाकून बघ, वर मोत्यासारखा उभा राहिला तर रंग आत जाणारच नाही. म्हणून आधी रात्रभर नुसत्या पाण्यात भिजव, मग चार-पाच ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळ, ते पाणी चहासारखं पिवळं निघेल, बघून किळस येईल, फेकून दे आणि स्वच्छ धू. थेंब लगेच जिरला की कापड तयार.

पुढची पायरी व्हिडिओवाले कायम गाळतात. रेशीम आणि लोकर तुरटी सहज धरतात, सूत धरत नाही. सुताला आधी हिरडा लागतो. सियागंजात कुठल्याही पंसाऱ्याकडे हिरड्याची भुकटी मिळते, २०० ग्रॅम कापडाला ४० ग्रॅम घे, कोमट पाण्यात कालव, गाळ, कापड रात्रभर ठेव, सकाळी पीळ आणि न धुता सावलीत वाळव, फिकट पिवळसर होईल. मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात परत रात्रभर. मग हलकं धुऊन रंगात. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धाग्याला बसतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम त्या टॅनिनला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला धरतं, अशी ती साखळी. तू साखळीचं शेवटचं टोक तेवढं पाण्यात सोडलंस.

आणि आता गंमत ऐक. तू जे बिघडलं म्हणतेस ना, कढईतलं, तोच तुझ्या तिघांतला सगळ्यात पक्का रंग आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, कढईचं लोखंड त्यात उतरलं, टॅनिन आणि लोखंड मिळून काळं होतं, आपली जुनी शाई दुसरी कशाची होती, हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. तुला पिवळा हवा होता म्हणून तो वाईट दिसला इतकंच. स्टीलच्या पातेल्यात केलंस तर त्याच सालींचा सोनेरी पिवळा येईल आणि तो हळदीपेक्षा कितीतरी पटीने टिकेल.

सेटअप लावायच्या आधी एक कर, पुठ्ठ्यावर प्रत्येक रंगाची बोटभर पट्टी चिकटव, निम्म्यावर दुसरा पुठ्ठा घट्ट बांध आणि उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेव. मग उघड. कोणाला विचारावं लागणार नाही.

---

बडोद्याचा_इंदुरी

काकांनी कापडाचं सांगितलं, मी चित्राचं बोलतो. मी स्नेहलतागंजचा, बडोद्याला पेंटिंग शिकायला गेलो आणि तिथेच राहिलो. तसा हा रस्ता जुना आहे, आपल्या इंदूरचे चित्रकार बेंद्रे देवळालीकर मास्तरांकडे शिकले आणि १९५० मध्ये बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकवायला गेले, आम्ही आपले मागाहून.

तुझ्या पोस्टमधलं सगळ्यात भारी वाक्य तू जाता जाता टाकलंयस. उडालेल्या रंगाला तू हायलाइट समजलीस. खरं सांगू का, हे कळायला लोकांना अख्खा कोर्स लागतो. उजेडाने उजळलेला पिवळा आणि मुळातच फिकट झालेला पिवळा, टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, दोन्ही सारखे दिसतील पण रंग म्हणून ते एक नाहीत. उजेडातला पिवळा तुझ्या दुपारच्या उन्हात गरम असतो, त्याच्या शेजारची सावली थोडी जांभळटाकडे जाते, आणि घडी जिथे वळते तिथे कडा हळूहळू मिसळते. उडालेल्या रंगाची कडा घडीच्या वळणाशी जुळत नाही, ती दोन ते पाचमध्ये ऊन जिथवर पोचलं तिथे थांबते. तू डोळे बारीक करून टोन बघत होतीस म्हणून फसलीस. डोळे बारीक करणं टोनसाठी ठीक, रंगासाठी डोळे नीट उघडून, एक पांढरा कागद कापडाशेजारी धरून बघायचं. कागदावरचा उजेड आणि कापडावरचा उजेड ताडून पाहिलं की लगेच कळतं कोण खोटं बोलतंय.

पश्चिमेच्या खिडकीत पाच दिवसांचं काम लावायचंच नाही, हे मी सरळ सांगेन. दोनला ऊन वर असतं, पाचला टेबलावर आडवं येतं, तीन तासांत तुझ्या सावल्या वीतभर सरकतात. उत्तरेची खिडकी शोध. नसेल तर पश्चिमेच्या खिडकीवर ट्रेसिंग पेपर लाव आणि वेळ एक तासाची धर.

वस्तू बदलतात ही तक्रार मात्र जुनीच. फ्रेंच चित्रकार सेझान इतका सावकाश काम करायचा की ताजी फुलं टिकायची नाहीत, म्हणून तो कागदी फुलं लावायचा. आणि रंगवलेला रंग तरी कुठे टिकतो? व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपली झोपायची खोली रंगवली, भिंती त्याने फिकट जांभळ्या लिहिल्यात, आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल उडाला. १८९० ची त्याची गुलाबं आज पांढरी आहेत, तेव्हा गुलाबी होती. तुझ्या पेटीतली अलिझरीन क्रिमसनची ट्यूब काढ, तिच्या पाठीवर पीआर ८३ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असेल तर तीही पातळ थरात उडते. डाळिंबांच्या लालीसाठी तीच वापरली असशील, पैज लावतो.

चित्र खरवडू नकोस. चौथ्या दिवशीचा पिवळा जिथे शिल्लक आहे तो धर, नंतर फिकट केलेलं तेवढं परत वर आण. पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी कार्डावर पाच-सहा ठिपके लाव, ड्रेपरी उजेडात, ड्रेपरी सावलीत, तांब्या, टेबल, आणि कार्ड ईझलला टाच. नवव्या दिवशी भांडण झालं तर कार्ड साक्षीदार.

आणि ते पट्ट्यांचं कापड धुवून टाकू नकोस रे बाबा. सपाट पसरून भिंतीला लाव, त्याचं वेगळं छोटं चित्र कर. घड्या नसताना घड्या दिसतायत असं कापड रोज मिळत नाही.

---

टरफलवाली

काका, दादा, तुम्ही दोघांनी माझं इतकं काम केलंय की मला लाज वाटतेय. ट्यूब बघितली. पीआर ८३. पैज जिंकलात, पोहे-जलेबी माझ्याकडून, इंदूरला आलात की सांगा.

रविवारी मांजरपाट उकळलं, काका खरंच ते पाणी बघून किळस आली, आई म्हणाली हे आपण डोक्याखाली घेऊन झोपणार होतो. हिरडा सियागंजातून आणला, दुकानदाराने विचारलं पोट बिघडलंय का.

सालींचा प्रश्न सुटला, ज्यूसच्या गाडीवाल्याने पिशवीभर दिली. कांद्याची टरफलं चोइथराम मंडीत जमिनीवर ढिगाने पडलेली, हमाल माझ्याकडे बघत राहिले. पण आता नवीन घोळ. तीच टरफलं, तीच तुरटी, दोन वेळा केलं आणि दोन वेगळे रंग आले. एकदा छान सोनेरी आणि एकदा मळका तपकिरी. फरक एवढाच की पहिल्या दिवशी नळ आला होता, दुसऱ्या दिवशी नळाचा दिवस नव्हता म्हणून बोअरिंगचं पाणी घेतलं. पाण्याने इतका फरक पडतो?

शिवाय मला लाल हवाय. डाळिंबं लाल, कापड पिवळं, मध्ये कुठेतरी एक लाल कापड डोकावायला हवं असं कंपोझिशन म्हणतंय.

---

धारची_माहेरवाशीण

पाण्याने पडतो का म्हणे! अगं पाण्यानेच पडतो. नर्मदेचं पाणी जलूदहून चढून येतं ते त्या मानाने मऊ, तुझ्या बोअरिंगचं जड, त्यात चुना, कधी लोहही. कांदा जड पाण्यात तपकिरीच जाणार. भांड्यात पांढरा थर बसतो ना, तोच तुझ्या रंगात बसतोय. नळाच्या दिवशी दोन बादल्या जास्तीच्या भरून ठेव, किंवा पावसाचं धर, अजून काय.

माझं माहेर धारकडचं, बागला लहानपणापासून येणंजाणं आहे. बाग प्रिंटचं बाग गं, लेण्यांचं. तिथे छापणारी खत्री मंडळी मूळची सिंधची, आणि त्यांच्या कामात नदी हाच अर्धा कारखाना. आधी कापड खारं करतात, म्हणजे संचोरा (कच्चं खारं मीठ), एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या यांच्या काल्यात पायाने तुडवतात, वाळवतात, परत तुडवतात. लेंड्या ऐकून नाक मुरडू नकोस, तेल धाग्यात मुरवायचं तर तेच लागतं. मग हिरड्यात काढून पिवळसर करतात. मग ठशांनी छापतात, आणि ही गोष्ट तुला चित्रकार म्हणून आवडेल, ते ठशाने रंग छापतच नाहीत. एका ठशाने तुरटी छापतात आणि दुसऱ्याने लोखंडाचं पाणी, जुने खिळे आणि पत्रे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं, दोन्ही चिंचोक्याच्या खळीने घट्ट करून. छापताना लाल दिसतच नाही. काही दिवस तसंच मुरू देतात, मग वाहत्या नदीत झोडपून धुतात आणि तांब्याच्या कढयांत अलिझरीन आणि धायटीची फुलं घालून उकळतात, तिकडे त्यांना धावडी म्हणतात. एकाच कढईत तुरटीची जागा लाल होते, लोखंडाची काळी होते, आणि जिथे काही छापलं नाही तिथे पांढरं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आठ वर्षांची असेन, मला वाटलं जादू. २००८ मध्ये बाग प्रिंटला जीआय, म्हणजे त्या गावाची ओळख असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं.

लाल हवा तर मंजिष्ठ घे. पंसाऱ्याकडे मिळते, काड्यांसारखी. भुकटी करून कोमट पाण्यात रात्रभर, मग अगदी मंद आचेवर तासभर, उकळू द्यायचं नाही, उकळलं की लाल विटकरी होतो. आणि इथे मात्र तुझं बोअरिंगचं पाणी वाईट नाही, मंजिष्ठेला चुना मानवतो. प्रत्येकाची आवड वेगळी.

एका गोष्टीवर काकांशी माझं जमत नाही. कढईतला काळा पक्का आहे हे खरं, पण लोखंड जास्त झालं तर ते सूत खातं. आमच्याकडे आजीच्या पेटीत जुनी छापील चादर होती, लाल शाबूत आणि काळ्या रेघांच्या जागी भोकं. तेव्हा कढईवर विसंबून राहू नये. मोजून हिराकस घ्यावं, शंभर ग्रॅम कापडाला दोन ग्रॅमच्या वर नाही. बाजारी रंगांपेक्षा आपले नैसर्गिक कधीही बरे पण तेही जपून.

---

रंगखातं

ताईंचं लोखंडाचं म्हणणं शंभर टक्के मान्य, माझ्याकडून राहिलं. कढईत किती लोखंड उतरलं ते कोणी मोजलं. काळं झालेलं कापड स्वच्छ धू आणि वर्षभराने ताणून बघ.

पण शेवटच्या वाक्याला मी हरकत घेणार, मिलचं मीठ खाल्लंय. ताई, बागला आज जे अलिझरीन कढईत पडतं ते बहुतेक कारखान्यातलं असतं. मंजिष्ठेचं युरोपातलं भावंड म्हणजे मॅडर, तिच्या मुळातला जो रेणू, तोच १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातल्या पदार्थापासून बनवला, आणि रेणू तोच असल्याने तुरटीशी तो तसाच वागतो. आपल्या माळव्यात आल नावाच्या झाडाची शेती होती, तिच्या मुळांचा लाल दूरदूर जायचा. नवा लाल आला स्वस्त, रोप तीन-चार वर्षं वाढवून मुळं खणायला कोणाला परवडणार, शेती संपली. त्यात कोणी चोर नाही आणि कोणी साव नाही. नैसर्गिक म्हणजे पक्का असं समजू नये, हळद नैसर्गिकच आहे की.

---

धारची_माहेरवाशीण

अलिझरीनचं मान्य. पण रंगाचं पाणी नदीत सोडायची वेळ आली तर माझं मत तेच राहील, काका. इथे त्यावर भांडत नाही, मुलीचा धागा आहे.

---

बडोद्याचा_इंदुरी

भांडा की, आम्ही पॉपकॉर्न घेतलंय.

टरफलवाली, बघ हं, तुझी ट्यूब आणि ताईंची कढई एकच गोष्ट आहे. अलिझरीन क्रिमसन म्हणजे हाच लाल तुरटीच्या ॲल्युमिनियमवर बसवून भुकटी केलेला. याला इंग्रजीत लेक म्हणतात. तू घरी करू शकतेस. कापड काढल्यावर उरलेलं डाळिंबाचं किंवा मंजिष्ठेचं पाणी फेकू नको, गाळून गरम कर, त्यात तुरटी विरघळव, आणि दुसऱ्या भांड्यात तुरटीच्या साधारण निम्मा धुण्याचा सोडा गरम पाण्यात. मग सोडा थोडा थोडा ओत. थोडा थोडा म्हणजे खरंच थोडा, फसफसून वर येतं, पातेलं उंच घे नाहीतर कढईनंतर आता ओट्याचं प्रकरण होईल. रात्रभर ठेवलं की रंग खाली बसतो, वरचं पाणी ओत, दोनतीनदा धू, फडक्यात गाळ, वाळव, खलबत्त्यात कुट. खलबत्ता सेटअपमधला नको, वेगळा घे. जवसाच्या तेलात काचेवर घोटलंस तर तुझा स्वतःचा ऑइल रंग. डिंकात घोटलास तर जलरंग.

म्हणजे कापड ज्या पाण्यात रंगलं त्याच पाण्याच्या रंगाने ते कापड रंगवता येईल. दोन्ही बरोबरच उडतील, भांडण नाही. सबमिशनमध्ये मात्र करू नकोस, छोट्या कॅनव्हासवर कर.

---

सेव_परमल

मी आता हळदीच्या डागासाठी आलो होतो आणि मला व्हॅन गॉग कळला. हा धागा सेव्ह.

---

जुनं_पुस्तक_नवी_वही

एक सूचना घाईत. लायब्ररीतल्या जुन्या रंगाईच्या पुस्तकांत पोटॅशियम डायक्रोमेट वापरायला सांगितलेलं असतं, पिवळे रंग गडद होतात म्हणून. नारिंगी खडे असतात. घरात आणू नका, कॅन्सरकारक आहे, हाताला आणि नाकाला वाईट, आणि मोरीतून कुठे जाणार ते आणखी वाईट. तुरटी आणि मोजकं हिराकस यात सगळं भागतं. आणि रंगाचं भांडं, डाव, गाळणं स्वयंपाकात परत घ्यायचं नाही, धुतलं तरी नाही.

---

टरफलवाली

तीन आठवड्यांनी परत आलेय, सबमिशन काल झालं, आता झोपून उठून लिहितेय.

काकांच्या पट्ट्यांचा निकाल आधी. पुठ्ठा उघडला तेव्हा आम्ही घरातले चौघं बघत होतो, निकालाच्या दिवशी पेपर उघडावा तसं. हळद झाकलेल्या बाजूला पिवळी, उघड्या बाजूला काही नाही, मांजरपाटच. टेसू तसाच, थोडी पिवळट आठवण. कांदा सोनेरी होता तो थोडा उतरला पण आहे. डाळिंब स्टीलमधलं, मी रेघ शोधत होते, अंधुक दिसली. मंजिष्ठ दोन्हीकडे एकच. कढईतलं काळं, रेघच नाही.

मंजिष्ठ पहिल्यांदा उकळली, मग विटकरी झाली, ताई तुम्ही सांगितलं होतं तरी फोन आला आणि गॅस राहिला. दुसऱ्यांदा बोअरिंगच्या पाण्यात, मंद आचेवर, जवळ स्टूल घेऊन बसले. आला लाल. कुंकवासारखा नाही, थोडा मातकट, पण डाळिंबांशेजारी ठेवला तेव्हा डाळिंबंच प्लॅस्टिकची वाटायला लागली, म्हणून मग दोनमधलं एक डाळिंब फोडून ठेवलं.

सेटअप उत्तरेच्या खिडकीत हलवला, त्यासाठी एका मुलाशी जागेवरून वाद झाला, मी जिंकले. ड्रेपरी डाळिंबाच्या पिवळ्याची, खाली कढईवालं काळं, मध्ये लाल डोकावतोय. पहिल्या दिवशी सात ठिपक्यांचं कार्ड केलं. सहाव्या दिवशी मला परत वाटलं कापड फिकट झालं, कार्ड धरलं तर कापड होतं तिथेच होतं, मीच आदल्या दिवशी सावली गडद मारली होती. कार्ड नसतं तर परत कापडाला दोष दिला असता. जुना कॅनव्हास खरवडला नाही दादा, त्यात चौथ्या दिवशीचा पिवळा परत आणला, पण तो सबमिट नाही केला, त्यातला तांब्या मला आता बघवत नाही.

पट्ट्यांच्या कापडाचं छोटं चित्र चालू आहे. ते कापड आता कपाटात अंधारात असतं, रोज तासभर काढते, रंगवते, परत ठेवते. आजी म्हणते पैठणीची एवढी काळजी घेतली नाहीस.

लेकचा प्रयोग केला. फसफसलं. ओट्याचं प्रकरण झालं. डाळिंबाची भुकटी फार थोडी निघाली, चहाचा चमचाभर, रंग राईच्या चटणीसारखा, तेलात घोटल्यावर एकदम पारदर्शक आणि गोड. मंजिष्ठेची उद्या करेन, मोठ्या पातेल्यात.

सरांनी चित्र बघून विचारलं हे कापड कुठून घेतलं, क्लॉथ मार्केटला का? मी हो म्हणून टाकलं. सगळं सांगत बसले असते तर पुढच्या मुलीचा नंबर आला नसता.

कढई आता रंगाचीच, आजीने जाहीर केलंय. तिच्यासाठी बर्तन बाजारातून नवी आणली, माझ्या पैशांनी, आणि ती म्हणते हिला अजून चव चढलेली नाही. लोकमान्यनगरच्या आसपास कोणी राहत असेल आणि घरी डाळिंबं सोलत असाल तर सालं फेकू नका, वाळवून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.